‘शंभर फॉर्म पुरेत का?’ : एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी सर्वेक्षण करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम. ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. विषय ‘ग्रामीण स्त्रियांचा आर्थिक कामातील सहभाग’, क्षेत्र एक तालुका. ५२ प्रश्न गूगल फॉर्मवर तयार आहेत आणि ते व्हॉट्सॲपवर पाठवायचे आहेत. मार्गदर्शकांनी सांगितलंय, शंभर फॉर्म भरून घे, टक्केवारी काढ, काय-स्क्वेअर (दोन गोष्टींतला संबंध निव्वळ योगायोगाचा आहे का, ते तपासायची चाचणी) लाव. तिला तीन गोष्टी हव्यात: शंभर पुरेत का, प्रश्न कसे असावेत, आणि उत्तरं देणाऱ्यांना काही द्यावं का.

मी २६ वर्षं हेच काम करते आहे. सुरुवात अन्वेषक म्हणून, म्हणजे दारोदार फिरून फॉर्म भरणारी. नंतर पाहण्या आखायला लागले. आकड्याच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते, कारण सगळे तिथेच अडकतात. पूर्ण यादृच्छिक नमुना असेल, म्हणजे प्रत्येकीला निवडलं जायची सारखी संधी असेल, तर ९५ टक्के खात्रीने उत्तर दहा टक्के इकडेतिकडे चालणार असल्यास ९६ मुलाखती लागतात. पाच टक्केच इकडेतिकडे हवं असेल तर ३८४. पुस्तकातला ३८४ हा जादूचा आकडा येतो तो इथून. तालुक्याची लोकसंख्या एक लाख असो की तीन लाख, त्याने यात जवळजवळ काही फरक पडत नाही. म्हणजे शंभर हा आकडा अगदीच वाईट नाही. पण हे सगळं ‘यादृच्छिक असेल तर’ या अटीवर उभं आहे, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फॉर्ममध्ये ती अट पहिल्याच मिनिटाला मोडते.

तुमचा फॉर्म कोणापर्यंत पोचेल ते डोळ्यांसमोर आणा. जिच्या हातात स्वतःचा स्मार्टफोन आहे, जिला मराठी टाइप करता येतं, जी तुमच्या मैत्रिणीच्या मावशीच्या बचत गटाच्या ग्रुपमध्ये आहे आणि दुपारी जिला पंधरा मिनिटं निवांत मिळतात. दुसऱ्याच्या रानात रोजाने खुरपायला जाणारी बाई या वाटेने तुमच्या तक्त्यात येणारच नाही, आणि तुमचा विषय तर तीच आहे. मग शंभरच्या जागी पाच हजार फॉर्म आले तरी ती येणार नाही. १९३६ ची अमेरिकेतली गोष्ट तुमच्या पाठ्यपुस्तकात असेलच. अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अंदाजासाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, लँडन जिंकणार असं जाहीर झालं आणि रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन गेले. पत्ते टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतलेले होते. आपल्याकडे आज टेलिफोनच्या यादीची जागा व्हॉट्सॲपच्या ग्रुपने घेतली आहे.

मला मात्र यापेक्षा आपल्या मातीतलं उदाहरण जास्त पटतं. संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे हे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. १९४० च्या दशकात पीक कापणीवरून हेक्टरी उत्पादनाचा अंदाज काढायच्या पद्धतीवर त्यांनी काम केलं. वाद असा होता की शेतात कापणीसाठी आखायचा तुकडा लहान असावा की मोठा. लहान तुकडा स्वस्त, पटकन होतो, खूप ठिकाणी घेता येतो. सुखात्म्यांनी प्रयोगांतून दाखवलं की फार लहान तुकड्यात उत्पादन फुगतं. कारण साधं आहे. दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने त्याची कड जास्त, आणि तितकी ही चूक मोठी. आता असे हजार तुकडे कापले तरी सरासरी सुधारत नाही, कारण प्रत्येक तुकड्यातली चूक एकाच दिशेची आहे. उलट सरासरी इतकी स्थिर होते की आपल्याला खात्रीच वाटायला लागते. संख्याशास्त्राची दोन सेमिस्टर शिकून मला जे नीट कळलं नव्हतं ते या कडेच्या रोपांनी कळलं: विखुरलेली चूक संख्येने कमी होते, एका बाजूला झुकलेली होत नाही.

आता तुमच्या विषयातलं कडेचं रोप कोणतं, ते सांगते. मी नवी असताना एका पाहणीत छापील प्रश्न होता, ‘आपण काही काम करता का?’ एक बाई म्हणाली, “न्हाई बाई, घरीच असते.” मी खूण केली आणि पुढच्या प्रश्नाला गेले. तिच्या पायाला चिखल होता, खुरपं दाराशी टेकवलेलं होतं आणि ती मला नंतर सहज म्हणाली की सकाळपासून सोयाबीनमध्ये दोन सऱ्या झाल्या. ‘काम’ म्हणजे तिच्या लेखी नोकरी, किंवा फार तर दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी. स्वतःच्या रानातलं ते ‘घरचं’. माझ्या फॉर्मवर ती बिनकामाची ठरली. त्या दिवशी मी असे अकरा फॉर्म भरले होते, आणि नीट भरले म्हणून पर्यवेक्षकांनी माझं कौतुकही केलं.

राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून या प्रश्नाशी झुंजते आहे, त्यामुळे व्याख्या तुम्ही नव्याने घडवू नका. सध्याच्या आवर्ती श्रमशक्ती पाहणीत, म्हणजे पीएलएफएसमध्ये, कामाची स्थिती दोन प्रकारे पाहतात. एक, गेल्या ३६५ दिवसांत जास्त काळ काय केलं, आणि त्याशिवाय ३० दिवस किंवा अधिक दुसरं काही काम केलं का. दोन, गेल्या ७ दिवसांत निदान एका दिवशी निदान एक तास काम केलं का. घरच्या शेतात बिनपगारी राबणारी बाई या व्याख्येत कामकरीच आहे, तिला संकेतांक २१ मिळतो. केवळ घरकाम करणारीला ९२. घरकामाबरोबर सरपण, चारा, रानभाजी गोळा करणारी किंवा घरच्यापुरतं शिवणारी ९३, आणि ती श्रमशक्तीबाहेर. ९२ आणि ९३ बाहेर का, यावर पुष्कळ वाद झाले आहेत आणि माझं मत तुम्हाला कळलंच असेल. पण प्रबंधिकेत आधी हीच व्याख्या वापरा, म्हणजे तुमचा आकडा दुसऱ्या कशाशी तरी ताडून पाहता येईल. मग आपली वेगळी व्याख्या शेजारी मांडा.

पण व्याख्या वहीत असते आणि प्रश्न तोंडात. ‘गेल्या सात दिवसांत आर्थिक काम केलं का’ असं कोणालाच विचारू नका. एकेक काम नावाने विचारा: खुरपणी, वेचणी, भांगलण, म्हशीची धार, शेण काढणं, दूध डेअरीवर घालणं, कोंबड्या, शिवण, पापड, दुकानावर बसणं. आणि ‘गेल्या सात दिवसांत’ म्हणण्याऐवजी ‘मागच्या बाजारापासून या बाजारापर्यंत’ म्हणा. आठवडी बाजार प्रत्येक गावाचा ठरलेला असतो आणि तो बरोबर सात दिवसांचा खुंटा आहे. वर्षाचं विचारायचं तर पोळ्यापासून, दिवाळीपासून. वयाचंही तसंच. कागदपत्रं नसलेल्या म्हाताऱ्या बाईला वय विचारलं की साठ, पासष्ट, सत्तर असे गोल आकडे येतात. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता, खडी फोडायला गेला होता का, पदरात मूल होतं का, असं विचारलं की वर्षाचा अंदाज बराच जवळ येतो. लातूर-धाराशिवकडे किल्लारीच्या भूकंपाची, १९९३ ची खूण चालते, पाटणकडे कोयनेच्या भूकंपाची, १९६७ ची.

आठवणीचा काळ बदलला की आकडा बदलतो, ही बारीक गोष्ट नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत अन्नखर्च ७ दिवसांचाही विचारला आणि ३० दिवसांचाही, एकाच घराला, एकाच कागदावर, शेजारीशेजारी. सात दिवसांचं सांगितलं की माणूस मनातल्या मनात चारने गुणून महिन्याचं सांगणार, नाहीतर अन्वेषकच दोन्ही जुळवून घेणार. परिणाम असा झाला की त्या वर्षीचं दारिद्र्याचं प्रमाण आधीच्या वर्षांशी ताडून पाहता येतं का, यावर अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं भांडत राहिले. एका तक्त्यातल्या दोन रकान्यांचं हे फळ. तुमच्या ५२ प्रश्नांत असं एकमेकाला ओढणारं काय काय आहे ते बघा. मला तर ‘स्त्री-पुरुष समानतेवर आपला विश्वास आहे का’ हा सहावा प्रश्न आणि ‘घरातील निर्णय कोण घेतं’ हा सातवा, हे वाचूनच घाम फुटला.

विश्वासाचे, मताचे प्रश्न शक्यतो काढूनच टाका. ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंतची पाच पायऱ्यांची शिडी कॉलेजात चालते. ओसरीवर तिचं उत्तर येतं “हो की”, नाहीतर “बरंच म्हणायचं”. प्रमाण विचारायचंच असेल तर मूठभर शेंगदाणे बरोबर ठेवा. दहा दाणे मांडा आणि म्हणा, घरातले एकूण निर्णय हे दहा दाणे, यातले किती तुमचे? बाई हसते, दोन दाणे बाजूला काढते, मग एक परत ठेवते. ती परत ठेवताना काय म्हणाली ते समासात लिहून घ्या.

संकोचाच्या विषयात विधानाऐवजी कृती विचारावी. भारत मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत अस्पृश्यतेबद्दल असंच केलं होतं. आधी, तुमच्या घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का. ‘नाही’ म्हटलं तर पुढे, अनुसूचित जातीचं कोणी तुमच्या स्वयंपाकघरात आलं किंवा तुमची भांडी वापरली तर चालेल का. पहिल्याला नाही म्हणून दुसऱ्याला चुळबुळ करणारी घरं होतीच. तुमच्या विषयात ‘कमाईवर हक्क कोणाचा’ यापेक्षा ‘मागच्या आठवड्याची मजुरी कोणाच्या हातात दिली, आणि त्यातून तुम्ही स्वतः काय घेतलं’ हे विचारा. वार्षिक उत्पन्न तर विचारूच नका. कोणी खरं सांगत नाही, आणि सांगायचं म्हटलं तरी कोणाला माहीत नसतं. मजुरीचे दिवस, दर, किती गुंठे, कोणतं पीक, जनावरं, असे तुकडे विचारा. रेशनकार्डाच्या रंगावरून गरिबी ठरवायचा मोह होईल. पिवळ्या कार्डाची उत्पन्नमर्यादा वर्षाला १५,००० रुपये आहे, यावरून काय ते समजा.

आता यादी. नमुना काढायला आधी कशातून काढायचा ते हवं. गावं निवडणं सोपं आहे. २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेत तालुक्यातलं प्रत्येक गाव लोकसंख्येसह आहे. लोकसंख्या एकाखाली एक मांडून बेरीज चढवत न्या, एकूण बेरजेला हव्या तितक्या गावांनी भागा, सुरुवातीचा आकडा चिठ्ठीने काढा आणि तितक्या अंतराने उड्या मारा. मोठ्या गावाला मोठी संधी मिळते, आणि मग प्रत्येक गावात सारखीच घरं घेतली की तालुक्यातल्या प्रत्येक घराची संधी साधारण सारखी होते.

घरांची यादी हा मात्र चिकट मामला आहे. ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’, म्हणजे घरपट्टीची नोंदवही, मिळतो, पण त्यात घरपट्टी लागू असलेल्या इमारती असतात, चुली नाहीत. एका वाड्यात तीन भाऊ वेगळे झालेले, तरी नोंद एकच. गावाबाहेरची पालं, वीटभट्टीवरच्या झोपड्या, उसाच्या फडातल्या कोप्या त्यात नाहीतच. मतदारयादीत मेलेले आजोबा आणि लग्न होऊन गेलेल्या मुली आहेत, कालच आलेली सून नाही. मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडते ती अंगणवाडी सेविकेची कुटुंब-नोंदवही, कारण ती बाई वस्तीवस्तीवर फिरलेली असते. तरीही लहान गावात एक सकाळ घालवून स्वतः फिरून यादी करा, मोठ्यात एखादा वॉर्ड निवडून करा. आणि गाव साठ-सत्तर घरांचंच निघालं तर निवडानिवड कशाला, सगळीच घरं घ्या. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या एका खेड्याचा घरटी अभ्यास १९१७ मध्ये प्रसिद्ध केला होता. ते खेडं म्हणजे पिंपळे सौदागर. आज तिथे घरटी जायचं तर आधी गेटवरच्या वॉचमनकडे वहीत सही करावी लागते.

गावं किती आणि घरं किती, यावर थोडं थांबते, कारण मार्गदर्शक हे बहुधा सांगत नाहीत. एका वस्तीतल्या बायका एकाच मुकादमाबरोबर जातात, एकाच दराने. त्यातल्या दहाजणींना विचारलं तर दहा वेगळ्या बातम्या मिळत नाहीत, फार तर पाच-सहा मिळतात. हे मोजायचं सूत्र असं: १ + (एका गावातल्या मुलाखती − १) × आपसातलं साम्य, आणि एकूण मुलाखतींना या आकड्याने भागायचं. साम्य ० म्हणजे काहीच सारखं नाही, १ म्हणजे गावातल्या सगळ्यांचं उत्तर एकच. साम्य ०.१ धरलं आणि १० गावांत २० घरं घेतली, तर १ + १९ × ०.१ म्हणजे २.९. तुमच्या २०० मुलाखतींची किंमत २०० भागिले २.९, म्हणजे ६९. त्याच २०० मुलाखती २० गावांत दहा-दहा केल्या तर भाजक १.९ आणि किंमत १०५. म्हणून शक्य तितकी गावं वाढवा, घरं कमी करा. एसटीचं भाडं वाढेल, ते मान्य.

आणि महिना बघा. प्रबंधिका एप्रिलमध्ये द्यायची असते म्हणून सगळी मुलं डिसेंबर-जानेवारीत गावात जातात. तुमचा तालुका बीडकडचा असेल तर त्या वेळी ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरांना कुलपं असतात, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांवरून तुम्ही निष्कर्ष काढता की इथे स्त्रियांचा सहभाग कमी आहे. पश्चिम महाराष्ट्रातला तालुका असेल तर त्याच बायका तिथल्या फडात आहेत, पण नमुना ८ मध्ये नाहीत. राष्ट्रीय पाहणी वर्षाचे तीन-तीन महिन्यांचे चार भाग करते ते याचसाठी. तुम्हाला वर्ष देता येणार नाही. निदान कुलूप दिसलं की शेजारचं घर घेऊन मोकळं होऊ नका. तीन वेळा जा, वेगवेगळ्या वेळी, आणि तरी बंद असेल तर ‘बंद, ऊसतोड’ असं लिहा. प्रबंधिकेत त्या कुलपांचा आकडा छापा. तोंडी परीक्षेत सगळ्यांत चांगले प्रश्न त्यावर येतात.

आता तुमच्या हातात काय आहे त्याचा हिशेब. एकटी मुलगी दिवसाला पाच मुलाखती नीट करू शकते, सहावीला चुका सुरू होतात. १२ गावं, प्रत्येकी १० घरं, म्हणजे १२० मुलाखती आणि २४ दिवस. त्यांची किंमत वरच्या हिशेबाने ६३, म्हणजे तालुक्याची टक्केवारी बारा टक्के इकडेतिकडे. ‘सहभाग ४३.३३ टक्के’ असं लिहायला हे पुरत नाही, आणि कृपा करून लिहूही नका. पण या १२० मध्ये दुसरं काहीतरी छान करता येतं. प्रत्येक गावात चिठ्ठी टाकून पाच घरांना जुना प्रश्न विचारा, ‘तुम्ही काही काम करता का?’ उरलेल्या पाच घरांना कामांची नावं घेत विचारा. गावं तीच, महिना तोच, विचारणारी तुम्हीच, फक्त शब्द वेगळे. दोन्हींतला फरक २५-३० टक्क्यांचा निघाला, आणि माझा अनुभव सांगतो की निघेल, तर ६०-६० मुलाखतींत तो स्पष्ट दिसतो. शंभर-सव्वाशे मुलाखतींत तालुका मोजता येत नाही, प्रश्न मोजता येतो. मार्गदर्शकांना हे दाखवून बघा. काय-स्क्वेअर इथे लावता येईल, म्हणजे तेही खूश.

गावात गेल्यावरच्या गोष्टी पटापट सांगते. नमुन्याबाहेरच्या एखाद्या गावात आधी दहा-बारा मुलाखती करा आणि दर प्रश्नानंतर विचारा, हे विचारलं तेव्हा तुमच्या मनात काय आलं. ५२ प्रश्नांचे तिथेच २५ होतील. सरपंचाबरोबर फिरू नका. “घरकुल मिळंल का?” हा प्रश्न येणारच. ‘नाही, मी कॉलेजची आहे, हे माझ्या अभ्यासासाठी आहे, सांगायचं नसेल तर नका सांगू’ हे दारातच स्पष्ट बोला. नवरा म्हणेल, “तिला काय कळतंय, मी सांगतो.” त्याच्याशी वाद घालू नका. जमिनीचे, पिकांचे चार प्रश्न त्यालाच आदराने विचारा, त्याचं समाधान झालं की तो उठतो. सासू उठत नाही. सासू बसलेली होती एवढं फॉर्मवर नोंदवा. ‘माहीत नाही’, ‘लागू नाही’ आणि ‘सांगितलं नाही’ यांना तीन वेगळे संकेतांक द्या, शून्य कशालाच नको. रोज रात्री त्या दिवसाचे पाच फॉर्म वाचून काढा, दुसऱ्या दिवशी ती घरं अजून दहा मिनिटांच्या अंतरावर असतात.

राहिलं काही द्यावं का ते. पैसे नकोत. एका दारात दिले की पुढच्या दारात उत्तरं बदलतात. तुमच्याकडून वेळ द्या, आणि फोटो काढलात तर त्याची प्रत नेऊन द्या. चहा विचारतील, नाही म्हणू नका. फक्त एवढं लक्षात ठेवा की चहा करायला तीच उठणार, जिची मुलाखत चालू आहे. म्हणून कामांच्या यादीवर पोचायच्या आधी चहा होऊ द्या, आणि ती आत गेली की घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा.